डावीकडचा रंग

मेस्त्रींनी बेचाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, पण स्वतःच्या घराला हात लावायला त्यांना कधी सवड झाली नाही. त्यावरून बायको त्यांना जन्मभर बोलत राहिली. "जगाची घरं लखलखीत, आणि आपल्याकडे जेवताना ताटात पोपडे," असं ती पाहुण्यांसमोरही म्हणायची. मेस्त्री म्हणायचे, "अगं, यंदा नक्की." ते यंदा काही आलं नाही. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. हातातली ओली चादर तशीच धरून ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. एका शाळेचं ग्रंथालय सांभाळायची. आई गेल्यावर ती पंधरा दिवस वडिलांपाशी राहिली. आईचं कपाट तिनंच आवरलं, कपडे देऊन टाकले, उरलंसुरलं फेकलं, शेजारच्या काकूंना बाबांकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि आपल्या घरी परतली. मग दर रविवारी जाऊन यायला लागली. दर रविवारी काहीतरी नवीन निघायचं. एकदा दुधाचं पातेलं जळून काळंठिक्कर पडलेलं. एकदा सदरा उलटा घातलेला. एकदा नडगीवर तळहाताएवढं काळंनिळं.

"स्टुलाला धडकलो," बाबा म्हणाले.

ते स्टूल तिच्या जन्माआधीपासून त्याच जागी होतं. तिला नवल वाटलं, पण तिनं मनाशी म्हटलं, माणूस आतून खचला की त्याचं कशातच लक्ष राहत नाही.

"चला माझ्याकडे," ती म्हणाली. ते नाही म्हणाले. जावई येऊन बोलला, तरी नाहीच. शेवटी एका रविवारी गॅस तसाच चालू राहिला आणि शेजारच्या काकूंनी आरडाओरडा करून सगळा मजला गोळा केला. त्या दिवशी मात्र ते काही न बोलता उठले आणि बॅग भरायला लागले.

मुलीच्या घरी मागच्या बाजूला एक लहान खोली होती. तिच्यात जुनी खोकी, शिलाई मशीन, मोडका पंखा असं सगळं कोंबलेलं होतं. नवऱ्यानं दोन दिवस खपून ती रिकामी केली. तोवर बाबांची पथारी बैठकीत होती. खोली रंगवायची ठरली तेव्हा मुलीच्या मनात आलं, रंग बाबांनाच निवडू दे. हातात काहीतरी त्यांचं आलं तर जरा माणसात येतील. चाळीस-पन्नास छटांतून तिनं दोन बाजूला काढल्या. एक कोवळ्या पानाचा हिरवा, दुसरा दुधावरच्या सायीचा. आणि रंगवायला तिनं धाकट्याला बोलावलं.

धाकटा म्हणजे मेस्त्रींच्या हाताखाली तयार झालेला रंगारी. टोळीत आला तेव्हा सगळ्यांत लहान होता म्हणून धाकटा. आता त्याची स्वतःची टोळी होती, वयानं पन्नाशी ओलांडली होती, डोक्यावरचे केस मोजण्याइतके उरले होते, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. त्याची बायकोसुद्धा.

मेस्त्रींचा एक नियम होता. शेडकार्डावर बोट ठेवून रंग ठरवायचा नाही. "फोटो बघून लग्न ठरवल्यासारखं आहे ते," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. भिंतीवर हातभर चौकोन मारायचा, त्यावर रंगाचे दोन हात द्यायचे, दिवसभर वाळू द्यायचं आणि मग निवांत उभं राहून बघायचं. धाकट्यानं तसंच केलं. खिडकीसमोरच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन चौकोन मारले. मुलीनं दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना बाबांना सांगितलं, "खिडकीसमोर दोन रंग लावून ठेवलेत. जेवण झालं की बघून सांगा, कुठला घ्यायचा ते."

बाबांनी मान हलवली. कितीतरी दिवसांनी ते जरा ताठ बसल्यासारखे तिला वाटले.

पण अकराच्या सुमाराला धाकट्याला त्या भिंतीत ओल सापडली. त्यानं दोन्ही चौकोन खरवडून काढले, भिंतीला पुन्हा पुट्टी लावली, वर प्रायमरचा हात फिरवला आणि नवे चौकोन दाराच्या बाजूच्या भिंतीवर मारले. मुलीला त्यानं हे सांगितलं. ती स्वयंपाकघरात होती, "बरं बरं" म्हणाली, आणि बाबांना सांगायचं राहून गेलं.

जेवण झाल्यावर बाबा उठले. एका हातानं दाराची चौकट चाचपत आत गेले, चार पावलं टाकली आणि खिडकीसमोरच्या भिंतीपुढे थांबले. दोन्ही हात पाठीमागे बांधले, मान उजवीकडे किंचित कलती केली. रंग बघायला ते नेहमी असेच उभे राहायचे. लहानपणी मुलगी त्यांची नक्कल करायची आणि आई हसून हसून बेजार व्हायची.

त्यांच्यासमोर पांढरीफटक, कोरी भिंत होती. दोन्ही रंग त्यांच्या पाठीमागे दाराशेजारी होते.

"बाबा, तिकडे न—" मुलगी बोलायला गेली. धाकट्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला असं कधी धरलं नव्हतं. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं नुसती मान हलवली. बोलू नका.

बाबा बराच वेळ बघत राहिले. एकदा अर्धं पाऊल मागे आले. एकदा डावीकडे सरकले. मग म्हणाले, "डावीकडचा घे. उजवीकडचा आत्ता छान वाटतोय, पण उन्हं उतरली की मळकट दिसेल. डावीकडच्यात जान आहे."

धाकट्यानं मुलीचं मनगट सोडलं.

"काय रे धाकट्या?"

"बरोबर आहे, मेस्त्री," धाकटा म्हणाला. "डावीकडचाच."

बाबांनी समाधानानं मान डोलावली, आणि आले तसे चौकट चाचपत बाहेर गेले.

मुलगी धाकट्याला मागच्या गॅलरीत घेऊन आली आणि तिनं दार लावून घेतलं.

"तुला माहीत होतं?"

"आईशपथ, ताई, नव्हतं. एवढं झालं असेल असं वाटलं नव्हतं." त्यानं डोक्याला गुंडाळलेलं फडकं सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मेस्त्रींच्या कामाच्या शेवटच्या वर्षी वहिनी रोज साइटवर यायच्या. डबा घेऊन यायच्या आणि परत जायच्याच नाहीत. मेस्त्रींच्या शेजारी डब्यावर पेपर टाकून बसायच्या. आम्ही टोळीत हसायचो. म्हणायचो, म्हातारपणी काय हे, वहिनींना क्षणभर करमत नाही. मेस्त्री रंग कालवायचे आणि त्या गप्पा मारायच्या. आता आठवतंय, काय गप्पा असायच्या त्या. 'अजून जरा पिवळं लागेल का हो?' 'आता गिऱ्हाइकाच्या कपाटासारखा दिसायला लागला.' आम्हाला वाटायचं, बाई उगाच लुडबुड करतेय."

"म्हणजे आई..."

"वहिनी बघायच्या, ताई. मेस्त्री नुसते ढवळायचे."

मुलगी गॅलरीच्या कठड्याला टेकली. तिला आई जेवण वाढताना दिसायला लागली. आई वाढताना सारखी बडबडायची. वाटी डाव्या हाताला ठेवलीय, गरम आहे. पाणी तिथंच आहे, लवंडाल. मुलगी वैतागून म्हणायची, "आई, ते काय कुकुलं बाळ आहेत का?" आई म्हणायची, "सगळे पुरुष कुकुली बाळंच असतात." आणि विषय तिथंच मिटायचा.

संध्याकाळी ती ओट्यापाशी भाजी चिरत होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"कोरी होती ना ती भिंत?"

तिच्या हातातली सुरी थांबली. "कुठली?"

"दुपारी तू जरा आडवी झालीस तेव्हा मी जाऊन खालपासून वरपर्यंत हात फिरवला. प्रायमर खडूसारखं हाताला येतं, पोरी. वाळलेला रंग तसा नसतो. चौकोनाची कड कुठंच लागली नाही." त्यांचा आवाज चढला. "आणि तुम्ही दोघं मागं उभे राहून तमाशा बघत होता. मी कोऱ्या भिंतीला रंग निवडतोय आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही!"

"काय बोलणार होते मी?"

"भिंत चुकली म्हणायचं! तुझी आई म्हणायची. चारचौघांत बोलता आलं नाही तर चिमटा काढायची. पण मला असं उघड्यावर उभं नाही केलं तिनं कधी."

तिनं सुरी खाली ठेवली. "किती दिवस झाले, बाबा?"

ते दाराशेजारची खुर्ची हातानं शोधून बसले.

"चार वर्षं. काचबिंदू म्हणाले डॉक्टर. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते सांभाळा म्हणाले."

"चार वर्षं! आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर चारजणांच्या तोंडी गेलं असतं. आंधळ्या रंगाऱ्याला कोण घर रंगवायला देतं?"

"मी काय गिऱ्हाईक होते तुमची?"

ते गुडघ्यावरची विजार चिमटीत धरून सारखी करत राहिले. मग सावकाश म्हणाले, "तुझी आई म्हणाली, पोरीला तिचा संसार आहे, आपलं आपण बघू. आणि बघितलंही तिनं. सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक. एकदाही चुकवला नाही. ती होती तोवर उजव्या डोळ्यानं नळीतून बघितल्यासारखं थोडं दिसायचं. तेवढ्यावर माझं भागत होतं."

"आता कोण घालतं थेंब?"

ते खुर्चीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"बाबा, मी विचारतेय. आता कोण घालतं?"

"त्या बाटल्या तू फेकल्यास," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. किती वाजले ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

तिला तो दिवस आठवला. आईच्या खणात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, गुडघ्याचं मलम होतं, आणि निळ्या टोपणाच्या तीन लहानशा बाटल्या होत्या. सगळं एका पिशवीत भरून ती बाबांसमोर उभी राहिली होती. "आईची औषधं टाकून देऊ ना?" तिनं विचारलं होतं. बाबा पलंगावर बसले होते. "टाक," म्हणाले होते.

"तुम्ही टाक म्हणालात," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही स्वतः टाक म्हणालात."

"म्हणालो. तेव्हा वाटलं, ती गेली, आता हे कशाला ठेवायचं. नंतर वाटलं, मागून घ्यावं. पण मागायचं म्हणजे सगळं सांगणं आलं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. आरशावर वाफ धरते ना, तसं हळूहळू धरत गेलं. महिन्याभरापूर्वी एका सकाळी उठलो तर ती नळीपण नव्हती." ते उठले. "मला उद्या माझ्या घरी सोड. आणि खोलीला काहीही फास. आंधळ्याला काय हिरवं न् काय पिवळं."

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत रजा टाकली आणि त्यांना घरी न नेता डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. ते हट्टानं गप्प बसून राहिले, पण गाडीतून उतरताना त्यांनी तिचा दंड धरला. कोपराच्या जरा वर, घट्ट. ती पकड सवयीची होती. आपल्याआधी हा दंड दुसऱ्या कुणाचा होता, ते तिला कळलं.

दवाखान्याचा लांबच लांब बोळ होता. भिंती फिकट हिरव्या, आणि दोन्ही बाजूंना बाकांवर माणसं, कुणाच्या एका डोळ्यावर पट्टी, कुणाच्या दोन्ही. अडीच तासांनी नंबर लागला. डॉक्टरांनी यंत्रं लावली, उजेड पाडला, बोटं नाचवली. मग बाबांना बाहेर बसवून ते तिच्याशी बोलले. डाव्यात काही नाही. उजव्यात उजेड आणि अंधार कळतो. तेवढा टिकवायचा तर थेंब सुरू करायला हवेत, जन्मभर.

"चार महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?" तिनं विचारलं.

डॉक्टर कागदावर लिहीत होते. "असं नेमकं सांगता येत नाही," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी कागदावरून मान वर केली नाही.

बाहेर येऊन ती बाबांशेजारी बसली. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. आईनं काय केलं असतं ते तिला ठाऊक होतं. तिनं डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं, चार महिन्यांचंही. बाबांनी तिचा हात शोधला आणि त्यावर दोनदा थोपटलं. "तू कशाला घेतेस अंगावर," ते म्हणाले. "तोंड मला होतं. मी उघडलं नाही."

घरी जायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी धाकटा डबे, रोलर, वर चढायचा घोडा घेऊन हजर झाला. "ताई, कुठला कालवू?"

बाबा खोलीत मधोमध खुर्चीवर बसले होते. "काहीही फास म्हटलं ना."

"मेस्त्री, काहीही फासायला तुम्ही शिकवलं नाही," धाकटा म्हणाला. "पंचवीस वर्षं शिव्या घालून नेमकं उलटं शिकवलंत."

बाबांच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. ते मुलीकडे वळले, म्हणजे ती असेल असं त्यांना वाटलं त्या बाजूला. "तू निवड. बघायचंय तुला. रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालायला येशील, तेव्हा तुला बरं वाटेल असं असू दे. तुझं तोंड मला दिसणार नाही, पण तू वैतागून आत आलीस की आवाजावरून मला बरोबर समजेल."

ती दोन चौकोनांपुढे उभी राहिली. इतके दिवस तिनं हे रंग बाबांना काय आवडेल म्हणूनच बघितले होते. तिला स्वतःला कुठला आवडतो, हा प्रश्नच तिला पडला नव्हता. डोळे सारखे भरून येत होते आणि दोन्ही रंग एकमेकांत मिसळत होते. तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं. हिरवा मुळात तिचाच लाडका होता. कार्डावर तो तिनं सगळ्यांत आधी काढला होता. आता त्याच्याकडे बघितलं की तिला तो बोळ दिसत होता, बाकं दिसत होती, आणि कागदावर खाली घातलेली डॉक्टरांची मान दिसत होती.

"सायीचा," ती म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले. मग जरा वेळानं, "धाकट्या, दाराची चौकट गडद ठेव. चांगली काळपट तपकिरी."

"ह्या रंगावर? ठिगळ दिसेल, मेस्त्री."

"दिसू दे. फिक्यावर गडद असलं की दार कुठंय ते मला कळेल. उजेड-अंधार आहे अजून माझ्याकडे."

धाकट्यानं मान फिरवली आणि तो डब्याचं झाकण उचकटायला बसला. झाकण काही लवकर निघेना.

रंगाला तीन दिवस लागले. बाबा सगळा वेळ तिथंच बसून होते. रोलर फिरल्याच्या आवाजावरून ते टोकायचे, "रंग कमी घेतोस, कोरडा ओढतोय," आणि धाकटा मुकाट्यानं रोलर पुन्हा बुडवायचा. चौथ्या दिवशी खिडकी उघडी टाकून वास घालवला, पलंग लावला, त्यांच्या दोन बॅगा आणून ठेवल्या. उन्हं कलायला लागली तेव्हा मुलगी थेंबांची बाटली घेऊन आत आली. त्यांनी मान मागे टाकली, तिनं पापणी वर ओढली. पहिल्या दिवशी थेंब गालावर पडला होता. आज नीट पडला. ते डोळे मिटून तसेच राहिले. ती पलंगाच्या कडेला बसली.

"कशी झालीय खोली?"

"चांगली झालीय. खिडकीच्या बाजूला जरा जास्त उजळ वाटते. चौकट ठिगळासारखी दिसतेय."

"खरं सांगतेस?"

"खरं."

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग बाबा म्हणाले, "एक विचारू? ती गेली त्या दिवशी सगळे मला म्हणाले, शेवटचं बघून घ्या. मला धरून जवळ नेलं. मी वाकलो. सगळ्यांना वाटलं, बघतोय. मी बघण्यासारखं तोंड केलं." त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "उजेड मागून येत होता. मला तिथं नुसतं काळं दिसत होतं गं. तिचा चेहरा नाही दिसला मला. मी कुणाला म्हणणार होतो, की मला दिसत नाहीये?"

मिटल्या पापण्यांखालून थेंब पाझरले, औषधाचे आणि त्यांचे. बायको गेल्यापासून ते कुणासमोर रडले नव्हते. मुलीनं ते पुसले नाहीत. त्यांचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"कशी दिसत होती?" त्यांनी विचारलं.

"केस कुणीतरी चापूनचोपून बसवले होते," ती म्हणाली. "तिला मुळीच आवडले नसते. कपाळावर एक आठी होती, हिशोब चुकल्यावर पडायची ना, तशी. तोंड जरासं उघडं होतं. झोपेत असायचं तसंच."

"आणि?"

"डाव्या गालाला दोरीचा वळ उमटला होता. खाली बसताना घासली असेल."

"दुखलं असेल का?"

"नाही, बाबा. तसं तोंड नव्हतं तिचं."

"बरं," ते म्हणाले. "अजून सांग."

स्वयंपाकघरातून नवऱ्यानं जेवायला हाक मारली. ती "येते" म्हणाली, पण उठली नाही. आईच्या हनुवटीपासून तिनं पुन्हा सांगायला सुरुवात केली.